सतरा सप्टेंबरचं भित्तिपत्रक

भित्तिपत्रकावर सव्वीस कागद होते आणि वाद झाला तो एकाच कागदावरून. त्यावर एका विद्यार्थिनीनं निळ्या स्केचपेननं लिहिलं होतं की पंडित सुंदरलाल यांच्या समितीच्या अंदाजाप्रमाणे पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ मधल्या भारतीय फौजेच्या कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतर हैदराबाद संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं, बहुतेक मुसलमान, मारली गेली, आणि सगळ्यांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. खाली लाल शाईत तिचा स्वतःचा प्रश्न होता: "हे आम्हाला कुणीच का सांगितलं नाही?"

ही गोष्ट सप्टेंबर २०२३ ची, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची. मी जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. गावाचं, महाविद्यालयाचं आणि माणसांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या सगळ्यांना अजून एकमेकांशेजारीच राहायचं आहे. एका भित्तिपत्रकावर एवढं लांबण लावायचं कारण असं, की गेली पंच्याहत्तर वर्षं मराठवाडा स्वतःबद्दल जे बोलतो आणि जे बोलत नाही ते सगळं त्या दहा दिवसांत आमच्या वाचनालयाच्या बोळीत येऊन उभं राहिलं.

पहिल्यांदा आले ते एक निवृत्त गुरुजी. तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांचे वडील १९४८ साली बार्शीकडच्या सरहद्दीवर, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात होते. गुरुजी येताना पिशवीतून वडिलांचा ताम्रपट घेऊन आले होते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना दिला, तो. टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, हे काय लिहायलेत पोरं? माझा बाप अंगावरच्या कपड्यानिशी करोडगिरीची, जकातीची नाकी जाळत हिंडला. घरी आमची आज्जी उपाशी. त्याच्या फोटोखाली हे?"

फोटोखाली हे खरं होतं, आणि ती चूक माझी होती. भित्तिपत्रकाला वरून 'हुतात्म्यांना अभिवादन' असं शीर्षक होतं. पोरांनी मजकूर गोळा केला, मी वाचला, बरोबर आहे म्हणालो आणि जागा मिळेल तिथं चिकटवा म्हणून मोकळा झालो. हुतात्म्यांच्या फोटोखाली कत्तलीचा आकडा आला, की वाचणारा ती कत्तल हुतात्म्यांच्याच नावावर टाकणार. गुरुजींना तेच लागलं होतं. त्यांचा राग इतिहासावर नव्हता, मांडणीवर होता. मला हे कळायला चार दिवस लागले.

दुसरे आले ते बसस्टँडसमोर शिलाईचं दुकान असलेले चाचा. वय ऐंशीच्या पुढं. मला वाटलं होतं, ते समाधानानं काही बोलतील. त्यांनी उभ्यानंच तो कागद वाचला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, तेवढं काढून टाका. आकडा लिहिला की हिशेब मागणारे येतात. दोन्हीकडचे येतात. आम्हाला इथंच दुकान लावायचंय."

दोन माणसं, दोन्ही घरांत १९४८ ची जखम, आणि दोघांचं मागणं एकच: कागद काढा. या प्रकरणाचा अवघड भाग मला इथं दिसतो. आपण सहज समजतो की एक बाजू सांगू पाहते आणि दुसरी दाबू पाहते. आमच्याकडं दोन्ही बाजू गप्प राहायला तयार होत्या. बोलायचं होतं ते फक्त एकोणीस वर्षांच्या मुलीला.

थोडं मागं जावं लागेल.

हैदराबाद हे हिंदुस्थानातल्या सगळ्यांत मोठ्या संस्थानांपैकी एक. १६ जिल्हे होते: आठ तेलंगणातले, तीन कन्नड मुलखातले आणि पाच आपले, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर. बोलणारे तेलुगू, मराठी, कन्नड. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून. नाणं वेगळं, हाली सिक्का. सरहद्दीपलीकडं कलदार रुपया. बार्शी-सोलापूरकडची माणसं आमच्या भागाला सरळ 'मोगलाई' म्हणत. "काय मोगलाई लागून गेली का?" हा वाक्प्रचार सगळा महाराष्ट्र वापरतो. तो ज्या मुलखात राहणाऱ्यांवरून पडला ती माणसं आम्ही. आमच्या ओळखीत हे टोचणं पहिल्यापासून आहे.

आणि इंग्रज? तो होता, पण पडद्याआड. हैदराबादेत त्याचा रेसिडेंट बसे, सार्वभौमत्व त्याचं, वऱ्हाड त्यानं आधीच काढून घेतलेलं. पण शेतसारा वसूल करायला, वेठीला धरायला दारात जो येई तो इंग्रज नसे. निजामाचा शिपाई येई, जहागीरदाराचा कारकून येई, देशमुख येई, पाटील येई, आणि यांतले कितीतरी हिंदूच होते. बाकीच्या देशात राज्यकर्ता बोटीत बसून निघून गेला. त्याच्याशी भांडण मांडलं तरी ऐकायला तो समोर नव्हता. आमच्याकडं राज्य गेलं आणि त्या राज्याची माणसं गावातच राहिली, त्याच गल्लीत, त्याच बांधाला. मराठवाड्याचा वसाहतोत्तर प्रश्न देशातल्या इतर प्रश्नांसारखा का नाही, याचं उत्तर मला इथं सापडतं. पुढं गंमत म्हणावी की खंत, ज्याच्यापासून मुक्ती मिळाली तो सातवा निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० ला त्याच राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा प्रमुख, झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला.

गुरुजींची गोष्ट १९३८ ला सुरू होते. त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आत तिच्यावर बंदी आली. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांतले बरेच नागपूरला जाऊन शिकले. आमच्याच भागातल्या गुंजोटीचे आर्य समाजी कार्यकर्ते वेदप्रकाश त्याच साली मारले गेले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, नंतर अंबाजोगाईत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे पुढारी. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर पेढे वाटले जात होते तेव्हा हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजींना अटक झाली. निजामानं जूनमध्येच स्वतंत्र राहण्याचं फर्मान काढलं होतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी 'जैसे थे' करार झाला. एकीकडं करार आणि दुसरीकडं लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीचे रझाकार. 'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. आमच्या आजीच्या तोंडी मात्र तो शब्द आला की दाराची कडी लागे.

या दिवसांत काय झालं ते गुरुजी पाठ असल्यासारखं सांगतात. जाळलेल्या गंजी, लुटलेली गावं, मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड. ही ऐकीव कहाणी नव्हे, घडलेली गोष्ट आहे. याच काळात, ऑगस्ट १९४८ मध्ये, हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकारांच्या विरोधात लिहिलं म्हणून मारलं. आमच्या भित्तिपत्रकावरच्या सव्वीस कागदांत शोएबुल्ला खान नव्हते. पुढं एका पोरानं ते शोधून आणलं, तेव्हा गुरुजीच म्हणाले, "हे नाव वर लावा."

गुरुजींची गोष्ट १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी संपते. निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी जनरल एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढं शस्त्रं खाली ठेवली. तिरंगा चढतो, गोष्ट तिथं थांबते. शाळेत मीही तीच ऐकली, तीच शिकवली.

चाचांची गोष्ट, त्यांनी कधी सांगितली असती तर, १३ सप्टेंबरला सुरू झाली असती. त्या दिवशी सोलापूरकडून फौज आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. आमच्या भागातली म्हातारी माणसं आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, 'मुक्ती' क्वचित. रणगाडे घेऊन आलेल्या फौजेला पोलीस का म्हणायचं, असं पोरं विचारतात. कारण सरळ आहे. हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार नेली होती, आणि भारत सरकारचं म्हणणं होतं की हा घरातला मामला आहे, दोन देशांतलं युद्ध नव्हे. घरातल्या मामल्यात सैन्य जात नाही, पोलीस जातात. शब्द दिल्लीत ठरला आणि खेड्यातल्या आजीच्या तोंडी रुळला.

या गोष्टीला शेवटची तारीख मात्र कुठल्याच कॅलेंडरात नाही.

सुंदरलाल समितीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या चार ओळींवर सगळं अडलं होतं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघं नेहरूंच्या सरकारच्या वतीनं २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. १६ पैकी नऊ जिल्हे पाहिले, पाचशेहून जास्त माणसांशी बोलले. २७ ते ४० हजार हा अंदाज ते स्वतः सावध म्हणून देतात. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचं लिहितात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. तिथं मुसलमानांची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती, ती समितीला जेमतेम तीन हजार आढळली. प्रेतांनी भरलेल्या विहिरींचा उल्लेख आहे. काही ठिकाणी सैन्यातली आणि स्थानिक पोलिसांतली माणसं लुटीत आणि त्याहून वाईट गोष्टींत सामील झाल्याचं आहे, आणि इतर अनेक ठिकाणी सैन्यानं मुसलमानांचं रक्षण केल्याचंही आहे. रझाकारांचे अत्याचार हा या सगळ्याच्या आधीचा भाग, हेही तो अहवाल लपवत नाही.

सरदार पटेलांना हा खटाटोप रुचला नव्हता. सरकारनं अहवाल छापला नाही. कित्येक दशकांनी तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात लोकांना पाहायला मिळू लागला. आकड्यांवर वाद आहे आणि असावा. तीन आठवड्यांच्या दौऱ्यात केलेला अंदाज म्हणजे शिरगणती नव्हे. पण आकडा कमी-जास्त असेल म्हणून विहीर रिकामी होती असं होत नाही, एवढं मी गुरुजींना म्हणालो. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण ताम्रपट पिशवीत ठेवताना म्हणाले, "बाप कॅम्पातून आला ते विसाव्या तारखेला. त्यानं आल्यावर काय पाहिलं ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही."

त्याच अहवालातली एक नोंद माझ्या विद्यार्थिनीनं घेतली नव्हती. ती घेतली असती तर कदाचित पहिल्याच दिवशी वाद निवला असता. हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणं समितीला भेटली, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत हे जास्त दिसलं. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंपासूनच वाचवलं. माग एकाला एक लागून होते म्हणून जीव वाचले. मराठवाड्याबद्दल यापेक्षा अभिमानाचं वाक्य मी तरी वाचलेलं नाही, आणि ते आपल्या एकाही क्रमिक पुस्तकात मला दिसलं नाही.

तिसरी हरकत ज्यानं घेतली तो रोज माझ्यासमोर बसणारा, वाचनालयातला आमचा परिचर. दोन्ही म्हाताऱ्यांचं ऐकत तो पुस्तकांना नंबर टाकत होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "सर, सव्वीस कागद झाले. आमचा वाडा कुठंय त्यात?"

वाडा म्हणजे गावाकडेची दलितांची वस्ती. ती त्यात खरोखरच नव्हती. त्याच्या आजोबांच्या आठवणीत वेठ होती, आणि ती वेठ देशमुखाचीही होती आणि तहसिलीचीही. त्या काळात हैदराबादच्या दलित पुढाऱ्यांपुढं सोपा रस्ता नव्हता. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर संस्थानच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले. दुसरीकडं बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असं बजावलं होतं. आज या पुढाऱ्यांना एका शब्दात निकालात काढणं सोपं आहे. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्याच्यापुढं 'राज्य कुणाचं' हा प्रश्न कोणत्या रूपात आला असेल, हे आधी पाहावं लागतं.

परिचराच्या हिशेबानं १७ सप्टेंबर ही अधली तारीख. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० साली कुळकायदा आला, आणि जमीन ज्यांच्याकडं जायची त्यांच्याकडं गेली. त्याचा वाडा गायरानावर राहिला. १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, मग मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटला, वाडे जळले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. म्हणजे साडेपंधरा वर्षं. "निजामाच्या राज्यातून सुटायला तेरा महिने लागले म्हणून आपण दरसाल झेंडा लावतो," तो म्हणाला, "आणि इकडं?" मुक्तीची भाषा बोलणारेच १९७८ साली दोन्ही बाजूंना उभे होते, हे मला त्याला सांगावं लागलं नाही. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट आहे, आमच्या मुलखाबाहेरची. तेलंगणातल्या डाव्यांची. तिची सुरुवात १९४६ ची, नलगोंडा-वरंगळकडची, आणि ती १७ सप्टेंबरला न थांबता १९५१ पर्यंत चालली. निजामाविरुद्ध लढणारा शेतकरी नंतर भारताच्या फौजेविरुद्ध लढत होता. आमच्या पोरांना ती नवीन होती. तसंच हेही नवीन होतं की त्याच १७ तारखेला हैदराबादेत केंद्र सरकार 'मुक्ती दिन' करतं, तिथलं राज्य सरकार त्या साली 'राष्ट्रीय एकात्मता दिन' करत होतं आणि कलबुर्गीत 'कल्याण कर्नाटक उत्सव दिन' चालतो. एक राज्य तिघांत वाटलं गेलं, तसा त्याचा शेवटचा दिवसही वाटला गेला.

आता त्या सप्टेंबरातली हवा. १ सप्टेंबरला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला होता, सगळा मराठवाडा तापलेला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी निजामकाळच्या दप्तरात शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आमच्या तालुक्यात घरोघर जुनी कागदपत्रं बाहेर निघाली. त्यातली निम्मी उर्दूत. उर्दू वाचणारा कोण? बसस्टँडसमोरचे चाचा. त्या आठवड्यात त्यांच्या शिलाईमशीनशेजारी रोज पाच-सात माणसं नकला घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. चाचा चष्मा कपाळावर घेऊन अक्षर लावत: नाव, बापाचं नाव, मौजा, जात. पैसे घेत नव्हते. दोनच वर्षांनी, २ सप्टेंबर २०२५ ला, निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य करणारा शासन निर्णय निघाला.

२०२३ च्या त्याच सप्टेंबरात जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली आणि उस्मानाबाद कागदोपत्री धाराशिव झालं. त्याचंही कुणाला सुख, कुणाला टोचणी. मी दोन्ही पाहिली. धाराशिव हे जुनं नाव, लोकांच्या तोंडी ते कधी मेलं नव्हतं, म्हणून मला ते जवळचं वाटतं. पण निजामाचं नाव पुसायचं आणि निजामाच्या दप्तरातून स्वतःची जात सिद्ध करायची, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात एकाच गावात होत असतील, तर 'आमचा त्या राज्याशी काही संबंध नाही' असं म्हणायची सोय आपल्याला उरत नाही.

मग आम्ही काय केलं?

प्राचार्यांचं म्हणणं होतं की कागद काढावा आणि विषय संपवावा. गणपती तोंडावर आलेत, गावात काही झालं तर जबाबदार कोण? त्यांची काळजी खोटी नव्हती. मी दोन दिवस मागितले. पोरांनी सव्वीसच्या सव्वीस कागद उतरवले आणि बोळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड कागदाची एक लांब पट्टी लावली. तिच्यावर फक्त वर्षं आणि महिने. अट एकच: जो कागद असेल तो आपल्या तारखेखाली जाईल, विषयाखाली नाही. 'अभिवादन', 'अत्याचार', 'विजय' अशी शीर्षकं बाद. वर मोठ्या अक्षरांत 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' हे नाव मात्र राहिलं. ते गुरुजींनी मागितलं होतं, आणि मागितलं नसतं तरी मी ठेवलं असतं. नागरी हक्क नसलेल्या राज्यात मायबोलीतून शिकायला आणि मत द्यायला मिळावं म्हणून माणसं तुरुंगात गेली, मेली. त्याला मुक्तिसंग्रामच म्हणतात. पुढं जे झालं त्यानं हा शब्द खोटा ठरत नाही, आणि या शब्दानं पुढं झालेलं पुसलं जात नाही.

पट्टी लावल्यावर पोरांना एक गोष्ट दिसली. १९३८ ते १७ सप्टेंबर १९४८ कागदांची दाटी. १९५६ नंतर पुन्हा दाटी. मध्ये, १८ सप्टेंबर ते डिसेंबर १९४८ या भागात, एक सुंदरलालचा कागद आणि दोन हात कोरी भिंत.

वर्गात सांगितलं की घरी विचारा, चिठ्ठीवर लिहून आणा, कुणाचंच नाव लिहू नका. अकरा चिठ्ठ्या आल्या. एकीत होतं की रझाकारांनी कडब्याची गंज पेटवली तेव्हा पणजीनं पोरं घेऊन उसात रात्र काढली. एकीत होतं की पणजोबांनी शेजारचं मुसलमान कुटुंब नऊ दिवस बळदात लपवलं आणि वरून ज्वारी ओतल्यासारखं केलं. एकीत फक्त एवढंच: "माझ्या मोठ्या आज्जीचं नाव आधी वेगळं होतं." एक चिठ्ठी मी अजून विसरलो नाही. "आमच्या घरात एक पितळी घंगाळ आहे. ते त्या साली आलं. कुणाचं होतं ते आजी सांगत नाही. दिवाळीला त्याच्यात पाणी तापवत नाही." आणि एकीत विहीर होती: आमच्याच गावातली, वेशीजवळची, बुजवलेली.

परिचरानं स्वतःच्या हातानं एक कागद लिहून १९४८ च्या खाली चिकटवला. त्यावर वाड्यातल्या घरांची संख्या आणि 'जमीन: नाही' एवढंच होतं. तोच कागद त्यानं १९५८, १९७८ आणि १९९४ खालीही लावला. जमिनीच्या रकान्यातलं उत्तर चारही ठिकाणी तेच.

१७ तारखेला सकाळी झेंडा झाला. पाहुणे आले. त्यांच्या स्वागताचा फ्लेक्स नेमका बोळीतल्या त्या दोन हात भागावर बांधलेला मला सकाळी सात वाजता दिसला. मी तो सोडवला नाही. सोडवायला हवा होता. ती मुलगी फ्लेक्सच्या कडेला उभी राहून पाहुण्यांना १९३८ समजावून सांगत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. गुरुजींनी मात्र फ्लेक्स पाहिला, थांबले, आणि कार्यक्रमातल्या त्यांच्या पाच मिनिटांत वडिलांबद्दल बोलून झाल्यावर म्हणाले की विसाव्या तारखेला वडील घरी आले, त्यांनी गल्ली ओळखली नाही आणि त्यानंतर ते कधी त्या गल्लीनं चालले नाहीत. एवढंच बोलून खाली बसले. टाळ्या उशिरा वाजल्या.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स निघाला. गणपती बसले, मिरवणुका शांततेत झाल्या. काही झालं नाही. पट्टी महिनाभर राहिली, मग गुंडाळून वाचनालयाच्या कपाटावर ठेवली. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती उघडून पुढं लिहायची आहे. प्राचार्य हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत.

त्या महिन्यातलं एक सांगायचं राहिलं. पट्टी उतरवायच्या दोन दिवस आधी, दुपारी, वाचनालय रिकामं असताना चाचा आले. आधी परिचराशी बोलले, मग भिंतीला एक हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं वाचत गेले. त्यांना अर्धा तास लागला. चिठ्ठ्यांपाशी आल्यावर त्या मुलीला हाक मारली.

"बेटी, हे विहिरीचं चुकलंय."

तिला वाटलं, काढायला सांगतील. ती माझ्याकडं बघू लागली.

"वेशीजवळची नव्हे ती. वेशीजवळच्या विहिरीला तेव्हा मोट होती, लोक पाणी भरत होते. ती ओढ्यापलीकडं. चिंचेची तीन झाडं होती, आता एक आहे." त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली, चिठ्ठीच्या कडेला ओढ्याची एक वाकडी रेघ मारली, रेघेपलीकडं तीन टिंबं दिली आणि मध्ये एक लहान गोल काढला. गोलाशेजारी उर्दूत एक शब्द लिहिला.

तिनं विचारलं, काय लिहिलंय.

"नाव," ते म्हणाले, आणि पेन्सिल परत दिली.